मालातले केस

सोलापुरात मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर करायचं म्हणजे उन्हाशी शर्यत असते. पारा 42-43 वर, वारा कोरडा, आणि दुपारी परांचीच्या पाइपाला हात लावला तर चटका बसतो. आमच्या वसतिगृहाच्या कामात नेमकी हीच भिंत शेवटी राहिली होती आणि पावसाच्या आत ती संपवायची होती.

पहिला पट्टा मामांनी सकाळी उरकला. मामा म्हणजे आमचे मोठे मिस्त्री. ओळंबा, ठिय्ये, गुरमाळ्याचा हात, कशातही बोट ठेवायला जागा नाही. तरी दुपारी तीनच्या सुमाराला त्या पट्ट्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उठलेले दिसले. नख जेमतेम अडकेल एवढेच, पण सगळीकडे. ठेकेदार म्हणाला, सिमेंट जास्त झालं. कुणी म्हणालं, कच, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, खराब आहे. माप तपासलं, एक भाग सिमेंटला चार भाग कच बरोबर होतं. कच बाटलीत पाण्यात हलवून ठेवली, वर गाळाचा थर नावापुरताच बसला. भिंत आदल्या संध्याकाळी भिजवलेली होती.

माझा संशय उन्हावर आणि वाऱ्यावर होता. 12 मिलिमीटरच्या थरात एका चौरस मीटरला पाणी असतं तीन-सव्वातीन लिटर. काँक्रीटच्या कामात तासाला चौरस मीटरमागे एक किलो पाणी उडू लागलं की तडे जाण्याचा धोका धरतात. त्या दुपारचं ऊन आणि वारा पाहता आमची भिंत त्याच्या आसपास असणारच. त्यात आतून विटाही पाणी ओढतात. माल, म्हणजे भिंतीवर लावलेलं सिमेंट-कचेचं मिश्रण, अजून ओला, त्याला स्वतःची ताकद आलेली नाही, आणि त्याच वेळी तो आक्रसू पाहतो. मागे भिंत त्याला धरून ठेवते. मग तो फाटतो. मिस्त्रीचा हात कितीही चांगला असो, या पहिल्या तीन-चार तासांत तो काही करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालात मिसळायच्या फायबरची, म्हणजे बारीक प्लास्टिक तंतूंची, पाकिटं मागवून घेतली. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 125 ग्रॅमचं एक पाकीट, आत 6 मिलिमीटर लांबीचे पांढरे तंतू. पाकिटावर पॉलिप्रॉपिलीन लिहिलंय ना, हे मी आवर्जून बघतो. पॉलिस्टरचे तंतूही मिळतात, पण सिमेंटच्या क्षारात ते कालांतराने झिजू शकतात. पॉलिप्रॉपिलीनला त्या क्षाराचं काही होत नाही, ते पाणी पीत नाही आणि गंजतही नाही. एका तंतूची जाडी 35 मायक्रॉन धरली तर त्या मूठभर पाकिटात दोन कोटींच्या वर तंतू भरतात. हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा दोनदा तपासून पाहिला होता.

मामांनी पाकीट फोडून चिमूटभर तंतू तळहातावर घेतले.

"काय ओ साहेब, मालात केस कशाला घालायलाव?"

"एक पट्टा याचा करू मामा, शेजारचा एक तुमचा नेहमीचा. हात दोन्हीला तुमचाच."

वेळ मुद्दाम वाईट निवडली, सकाळी अकराची. सिमेंट तेच, कच तीच, भिंत तीच, दोन्ही पट्टे शेजारी शेजारी आणि एकामागोमाग एक.

इथे माल कालवणाऱ्या मावशींबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण फायबरचं निम्मं काम त्यांच्या हातात असतं. तंतू ओल्या मालात टाकले की त्यांचे गोळे होतात, आणि गोळा झाला की तिथे फायबर असून नसल्यासारखं. भिंतीत उलट तेवढी एक कच्ची जागा तयार होते. मावशींनी आधी कच पसरली, वर सिमेंट घातलं आणि कोरडंच एकदा परतलं. मग पाकीट एकदम उपडं न करता चिमटीने तंतू मोकळे करत सगळ्या ढिगावर भुरभुरले आणि पुन्हा फावड्याने दोनदा परतलं. कुठे पांढरा पुंजका दिसला की त्या खाली बसून तो बोटांनी सोडवायच्या. पाणी शेवटी.

घमेलं वर गेलं आणि मामांची हाक आली. "साहेब, माल जड चालायलाय. जरा पाणी सोडायला सांगू का?"

हा क्षण प्रत्येक साइटवर येतो. फायबरने माल थोडा घट्ट वाटतोच. तिथे पाणी वाढवलं तर आक्रसणंही वाढतं, म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध आणलं तेच दुखणं वाढवून ठेवायचं. "पाणी नको मामा, अजून एकदा परतून देतो," मी म्हणालो. मावशींनी परतून दिला. चार-पाच थापींनंतर मामांचा हात बसला. त्या पट्ट्याखाली निसटून पडलेला माल कमी होता. हे मी विचारायच्या आधी मामांनीच दाखवलं.

दुपारभर आम्ही दोन्ही पट्टे बघत होतो. कोरड्या भिंतीवर केसाएवढा तडा डोळ्याला सहज सापडत नाही. त्यासाठी फवाऱ्याने हलकं पाणी मारायचं आणि थांबायचं. वरचा भाग आधी सुकून पांढरा पडतो, तड्यात शिरलेलं पाणी मागे राहतं आणि तडा काळ्या रेघेसारखा उमटतो. अडीचच्या सुमाराला साध्या पट्ट्यावर आम्ही असं पाणी मारलं. मिनिटाभरात आदल्या दिवसाचंच जाळं समोर आलं.

मग फायबरचा पट्टा. पाणी मारलं, सुकू दिलं, पुन्हा मारलं. मामा नाक भिंतीला लागेल इतके जवळ गेले. जाळं नव्हतं. पण वर, जिथे विटांची भिंत बीमच्या तळाला भिडते, तिथे एक सरळ आडवी रेघ उमटली. ठेकेदाराला तेवढंच पुरे होतं. "तुमचं फायबर पण फुटलंच की," तो म्हणाला.

मला मात्र त्या एका रेघेतच सगळं कळलं. विटांचं काम आणि काँक्रीट हे ऊन-थंडीत वेगवेगळं हलतात. त्या सांध्यावर माल खेचला जातो तो मोठ्या अंतराने, तिथे 6 मिलिमीटरचा तंतू धरून धरून किती धरणार? तिथे दोन्ही बाजूंना पुरेशी जाईल अशी कोंबडी जाळी, म्हणजे बारीक तारेची जाळी, लागते, आणि त्या भागात ती मारलेलीच नव्हती. फायबर आहे ना, मग जाळी कशाला, हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी ऐकतो. दुकानात पाकीट घेताना घरमालकालाही हेच सांगितलेलं असतं. हे थांबलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ओला माल आक्रसतो तिथे फायबर उपयोगी पडतं. इमारत हलते तिथे जाळी लागते.

ताकदीचीही गोष्ट तशीच. त्याच दिवशी दोन्ही मालांचे 70.6 मिलिमीटरचे ठोकळे भरले होते. 28 दिवसांनी ते यंत्रात दाबले तेव्हा किती भाराला फुटले, यात सांगण्यासारखा फरक नव्हता. फरक फुटण्यात होता. साधा ठोकळा कोपरे टाकत ढासळला. फायबरचा चिरला, फुगला, पण हातात उचलला तर एकसंध राहिला. चिरेत पांढरे तंतू ताणलेले दिसत होते. म्हणून फायबरने माल मजबूत होतो असं मी म्हणत नाही, तो चिवट होतो असं म्हणतो.

संध्याकाळी चहाला बसल्यावर मामा म्हणाले, त्यांच्या गावाकडे पांढऱ्या मातीच्या भिंती लिंपताना वडील मातीत गव्हाचा भुसा घालून ती पायांनी तुडवायचे. भुसा नसला की लिंपण तडकायचं. कारण तेच. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं आहे. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पाकीट पुन्हा उलटसुलट करून पाहिलं.

तड्यांचं जाळं उठलेले दोन्ही साधे पट्टे आम्ही काढून टाकले. फायबरच्या पट्ट्यात बीमखालची रेघ कापून मोकळी केली, जाळी मारली आणि तो भाग पुन्हा भरला. उरलेल्या भिंतीला काम दुपारी चारनंतर, माल बसला की ओली गोणपाटं, आणि बीम-कॉलमच्या प्रत्येक सांध्याला जाळी. पाकीट गोणीमागे एकच. ठेकेदार जाळीच्या खर्चावर कुरकुरला, तेव्हा परांचीवरून मामांनीच खाली बिगाऱ्यांना आवाज दिला, "आदी जाळी मारा रे, मग केसाचा माल वर द्या."