मागच्या सीटवरचं शास्त्र

एसटीत ज्याच्या वाट्याला सगळ्यात मागचं बाकडं येतं, त्याला सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा, काय असते ते वेगळं शिकवावं लागत नाही. गतिरोधकावर पुढचे प्रवासी नुसते मान हलवतात. मागचा मात्र बाकडं सोडून वर जातो, आणि तो खाली येतो तेव्हा बाकडं वर येत असतं. गाडीचा तो भाग मागच्या चाकांच्याही पलीकडे अधांतरी असतो. चाक वीतभर उचललं की तिथला माणूस त्याहून जास्त उडतो. गंमत म्हणजे हीच एसटी बाजाराच्या दिवशी, दारापर्यंत माणसं कोंबलेली असताना, बरीच सालस वागते. पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, भरल्या गाडीच्या हिशेबाने बसवलेले असतात. रिकामी गाडी त्यांच्या खिजगणतीत नसते.

म्हणजे आरामाची पहिली अट वजन. खड्ड्यातून वर येणारं चाक वरच्या डोलाऱ्याला रेटतं. डोलारा जितका जड, तितका तो त्या रेट्याला दाद देत नाही. बीएमडब्ल्यूची विजेवरची आय7 अडीच टनांच्या वर भरते, रोल्स-रॉइसची फँटमही त्याच गोत्रातली. आपल्या आल्टोच्या तिप्पट तरी. पण हेच वजन वळणावर बाहेर झुकतं आणि ब्रेक दाबला की नाकावर येतं. ते सावरायला स्प्रिंग कडक करावी, तर आराम गेला. मऊ ठेवावी, तर घाटात पोटातलं वर आलं. डावं आणि उजवं चाक एका दांड्याने बांधून झुकणं थोपवता येतं, पण मग डाव्या चाकाचा खड्डा उजव्यालाही कळतो आणि आतल्यांची डोकी खिडकीकडून खिडकीकडे हलत राहतात. शंभर वर्षं अभियंते या तिढ्यात अडकले आहेत.

परवा एका नातेवाइकांच्या अशाच थोरल्या गाडीतून चाकणच्या बाजूने जायचा योग आला. (याच चाकणला मर्सिडीज आपल्या एस-क्लासची जुळणी करते, आणि तिथल्या रस्त्यांची कीर्ती पुणेकरांना सांगायला नको. फाटकाबाहेर पडलं की चाचणीची सोय तयार.) समोर चांगला ऐसपैस खड्डा दिसला. मी सवयीने दात आवळले, पोट आत घेतलं, दारावरची मूठ धरली. आणि काहीच झालं नाही. खाली कुठेतरी ‘धप्’ असं ऐकू आलं, शेजारच्या घरात काही पडावं इतक्या लांबून. नातेवाईक फोनवर कुणाशी तरी जमिनीचे भाव बोलत होते, त्यांचं वाक्यही तुटलं नाही. ज्याच्या तक्रारीने खड्डा बुजला असता, नेमका त्यालाच तो कळत नाही.

माझी सगळी तयारी मात्र वाया गेली, आणि त्या वाया जाण्यातच मला गंमत वाटली. शरीराला धक्क्याचं एवढं वावडं नसतं, न सांगता आलेल्या धक्क्याचं असतं. गतिरोधक दिसला की दुचाकीवाला सीटवरून बोटभर उठतो आणि तो धक्का गुडघ्यांना देऊन टाकतो. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण वळण त्याच्या हातांना आधी कळलेलं असतं. मागे मोबाइलमध्ये डोकं घातलेल्याला ते पोटाकडून कळतं. चालवणाऱ्याला जे आधी ठाऊक असतं ते स्प्रिंगच्या कानावर कसं घालायचं, एवढ्याचीच खटपट मला या सगळ्या तंत्रज्ञानात दिसते.

आधी माणसाला नेमकं काय सोसत नाही ते शोधावं लागलं. उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा हादरे बसले की सर्वांत जास्त त्रास होतो. पोटातले अवयव त्या ठेक्यावर आपणहून हलू लागतात. उलट पाच सेकंदांना एक असा संथ झोका मिळाला की मळमळतं. बोट लागते ती अशाच झोक्यांनी. सेकंदाला एक-दीड हेलकावा ही मधली सुखाची पट्टी. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि 1930 च्या दशकात त्याने एका मोटारीच्या पुढे-मागे वजनं सरकवत, माणसांना आत बसवून, कसं वाटतं ते पाहिलं. त्यातून एक साधी युक्ती निघाली: पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवायच्या. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना जरा नंतर. मागची बाजू थोडी घाईने डोलली तर ती पुढचीला गाठते, आणि गाडी पुढे-मागे झुलण्याऐवजी सपाट वरखाली होते. इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नव्हता तेव्हाची ही अक्कल आजही चालते.

मग फ्रेंच आले. सित्रोएनच्या पॉल माजेस या अभियंत्याने लोखंडी स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्या जागी तेल आणि नायट्रोजन भरलेले गोळे बसवले. 1955 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती डीएस नावाची गाडी मांडली, तेव्हा पहिल्याच दिवशी हजारोंनी मागणी नोंदवली गेली. इंजिन सुरू केलं की ती खाली बसलेली गाडी आपणहून उठून उभी राहायची. माणसं कितीही बसोत, उंची तीच. 1962 मध्ये पॅरिसजवळ फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या गाडीवर बंदुकीच्या गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले, तरी त्यांची डीएस निसटली. पण मला त्याहून मौज वाटते ती रोल्स-रॉइसची. त्यांनी 1965 च्या सिल्व्हर शॅडोसाठी गाडीची उंची सावरणाऱ्या यंत्रणेचा परवाना याच सित्रोएनकडून घेतला. इंग्रजांनी आरामासाठी फ्रेंचांना पैसे मोजले, यावर पॅरिसमध्ये काय काय बोलणं झालं असेल!

तरीही हे सगळे गोळे खड्डा आल्यावरच जागे होणारे. साधा शॉकॲब्सॉर्बर स्प्रिंगची उसळी फक्त अडवतो, स्वतःहून ढकलत नाही. 1974 च्या एका शोधनिबंधात डीन कारनॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच कल्पना लढवली: शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक आभाळातल्या एका हुकाला अडकवलं आहे असं समजा. म्हणजे खाली चाकं काहीही करोत, वरचा डोलारा आभाळाला धरून स्थिर. हुक अर्थातच नाही, पण तो असता तर त्याने किती जोर लावला असता याचं गणित करून तेवढा जोर खालून लावता येतो. आजही अभियंते या पद्धतीला स्कायहुक म्हणतात. असा जोर खालून लावणारी यंत्रणा मर्सिडीजने 1999 मध्ये सीएल या गाडीला दिली, तेलाच्या दाबावर चालणारी.

2013 च्या एस-क्लासमध्ये मात्र खरी उडी आहे. काचेमागे दोन डोळ्यांचा कॅमेरा, तो पुढचा पंधरा मीटर रस्ता वाचतो. ताशी 60 च्या वेगाला हे अंतर संपायला एक सेकंदही लागत नाही, पण तेवढ्यात प्रत्येक चाकाला निरोप पोचतो. जुन्या पालखीत पुढचा भोई हेच करायचा. दगड, चिखल, चढ दिसला की मागच्यांना हाळी, आणि आठही गुडघे त्या बेताने वाकायचे. आतल्या सरकारांची झोप मोडता कामा नये. चारचाकीला भोयांची अक्कल यायला 2013 उजाडावं लागलं. आणि कॅमेऱ्याला उजेड लागतो. आपल्याकडच्या श्रावणातला, काठोकाठ पाण्याने भरलेला खड्डा त्याला तरी सपाटच दिसणार. भोई निदान पाय घालून बघायचा.

2020 मध्ये रोल्स-रॉइसने घोस्टला अशीच कॅमेऱ्याची यंत्रणा बसवली आणि तिचं नाव ठेवलं फ्लॅगबेअरर. ब्रिटनमध्ये 1865 च्या कायद्याने रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेऊन माणूस चालवावा लागे, त्याची ही आठवण. पूर्वी तो पुढच्या लोकांना गाडीपासून सावध करायचा. आता तो गाडीला रस्त्यापासून सावध करतो.

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. एवढी बुद्धी खर्च करायची आणि मग त्याच गाडीला बावीस इंची चाकं लावायची, कागदासारख्या पातळ टायरांसकट? जाड टायर हा सगळ्यात स्वस्त आणि कधीही न बिघडणारा आराम. तो दिसण्यापायी काढून टाकायचा आणि त्याची भरपाई कॅमेरे, पंप आणि 48 व्होल्टच्या मोटरींनी करायची. श्रीमंतीला काय म्हणावं?

या क्षेत्रातला माझा आवडता माणूस अमर बोस. स्पीकरवाले तेच. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक, मुलगा तिथल्याच एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी 1980 मध्ये सस्पेन्शनवर काम सुरू केलं आणि 2004 मध्ये दाखवलं: चारही चाकांना विजेच्या मोटरी लावलेली लेक्सस उंचवट्यांवरून अंग न हलवता जाते आणि शेवटी आडव्या फळीवरून चक्क उडी मारते. यंत्रणा इतकी जड आणि महाग झाली की एकाही गाडीवाल्याने ती घेतली नाही. पण त्यातून 2010 मध्ये एक वस्तू विकायला आली: लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांसाठी सीट, किंमत सुमारे सहा हजार डॉलर. चोवीस वर्षांची ती तपश्चर्या फळाला आली ती ट्रकवाल्याच्या बुडाखाली.

गाडीचं तंत्र 2017 मध्ये क्लिअरमोशन या अमेरिकी कंपनीने घेतलं, आणि ती आता चीनच्या निओ ईटी9 या गाडीला आपलं सस्पेन्शन पुरवते. जाहिरातीत त्या गाडीच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचून तिला गतिरोधकांवरून नेलं. मनोरा ढळला नाही. छान. पण बॉनेटवर कुणी प्रवास करत नाही, आणि पेल्यांना मळमळत नाही. मागच्या सीटवर आमच्या आत्याला बसवा, ताम्हिणी घाटातून माणगावला उतरवा, आणि पर्समधली आलेपाकाची पुडी उघडली का ते बघा.