एकतृतीयांश

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'आपली वाटचाल' लिहा, असा मुख्याध्यापकांचा फोन आला. वाटचाल दोन ओळींची आहे. 1998 ला दहावी, मुंबईत चर्चगेटजवळच्या शासकीय विधी महाविद्यालयातून पदवी, फोर्टातल्या सॉलिसिटरांकडे तीन वर्षं उमेदवारी, लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा, आणि तेव्हापासून उच्च न्यायालयात व्यापारी दावे. गावाच्या मते मात्र मी अजून खुनाच्या केसेस चालवतो. माझ्याकडे येतात थकलेली बिलं, मोडलेले करार आणि एका पेढीवरून उठलेले सख्खे भाऊ.

मला लिहायचंय ते सारांशलेखनाबद्दल. मराठीच्या बाई उतारा द्यायच्या आणि एकतृतीयांश शब्दांत उतरवायला सांगायच्या. शब्द मोजायच्याही. एकदा माझं 'अत्यंत मनोहर निसर्गसौंदर्य' लाल पेनने खोडून त्यांनी समासात लिहिलं, "कोणी, काय, केव्हा?" गुण 5 पैकी 1.

उमेदवारीच्या पहिल्याच आठवड्यात सीनियरनी 600 पानांची फाइल पुढ्यात टाकली. उद्या सकाळी तारखांची यादी हवी, दोन पानांत. ऑर्डर कधी दिली, माल कधी पोचला, चेक कधी परत आला, नोटीस कधी गेली. मराठी माध्यमाचा पोरगा इंग्रजीत काय लिहिणार, हे शेजारच्या टेबलावरून ऐकून झालं होतं. पण तारखांच्या यादीला अलंकार लागतात कुठे? कोणी, काय, केव्हा. माझी यादी जवळजवळ तशीच दाव्याला जोडली गेली.

तारखेची खरी जरब पुढे कळली. 2015 साली व्यापारी न्यायालयांचा कायदा आला. 2018 मध्ये दाव्याच्या किमान रकमेची अट 1 कोटीवरून 3 लाखांवर आली आणि आपल्या पेठेतले दुकानदारही त्यात सापडले. (तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणंही सक्तीचं झालं. मला वाटलं, आता भाऊ-भाऊ तिथेच मिटवतील. भाऊ मिटवत नाहीत.) या कायद्यात समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, दिली नाही, तर प्रतिवादीचा हक्कच जातो, न्यायाधीशांनाही मुदत वाढवता येत नाही. एक कारखानदार 117 व्या दिवशी आले. 'वाईट कागद' म्हणून समन्स त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवलं होतं! तीन रात्री ऑफिसात कोणी झोपलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी कैफियत दाखल झाली. तिच्यात मनोहर असं काहीही नव्हतं.

मुख्याध्यापकांनी 900 शब्दांची मुभा दिली आहे. पण अंक बाईंकडेही जाणार, तेव्हा मी 300 च्या आसपास थांबतो.