येओव्हिल्टन : कॉन्कॉर्डच्या शेजारचं दुर्लक्षित विमान

लंडनच्या वॉटर्लूहून रेल्वेने येओव्हिल जंक्शन, पुढे टॅक्सी. स्वतःची गाडी असेल तर ए३०३ सोडून इल्चेस्टरकडे वळायचं. नौदलाच्या तळाला लागूनच फ्लीट एअर आर्म म्युझियम आहे. चौथ्या दालनात शिरलं की लोक थेट कॉन्कॉर्ड ००२ मध्ये, म्हणजे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाच्या एका चाचणी नमुन्यात चढतात. आम्ही आधी बीएसी २२१ या चाचणी विमानाकडे वळलो, आणि तुम्हीही तेच करा.

हे मुळात फेअरी कंपनीचं संशोधन विमान डेल्टा २, क्रमांक डब्ल्यूजी ७७४. चाचणी वैमानिक पीटर ट्विस यांनी ते ६ ऑक्टोबर १९५४ ला पहिल्यांदा उडवलं. तेव्हा पंख सरळ कडांचा त्रिकोणी होता, ६० अंश मागे झुकलेला आणि कमालीचा पातळ. असं विमान उतरताना नाक इतकं वर धरतं की वैमानिकाला धावपट्टीच दिसत नाही. म्हणून फेअरीने कॉकपिटसकट अख्खं नाक १० अंश खाली झुकेल अशी सोय केली. कॉन्कॉर्डमध्ये झुकतो तो फक्त काचेपुढचा भाग.

१७ नोव्हेंबरला, सुमारे ३०,००० फुटांवर, आतला दाब वाढून इंधनाची एक टाकी चेपली आणि इंजिन बंद पडलं. नाक झुकेना, चाकांपैकी फक्त पुढचं उतरलं. तरीही ट्विस यांनी विमान तरंगत बॉस्कम डाउनच्या विमानतळावर आणून टेकवलं. दुरुस्तीत काही महिने गेले. १० मार्च १९५६ ला याच विमानाने ताशी १,१३२ मैलांचा विक्रम केला. आधीचा ८२२ चा होता. एका उडीत तीनशे मैल!

पुढे कॉन्कॉर्डच्या पंखाचा आकार तपासण्यासाठी धड लांबवलं, नागमोडी कडेचा नवा पंख बसवला आणि १ मे १९६४ ला ते बीएसी २२१ म्हणून फिल्टनहून उडालं. खाली वाकून चाकांचे लांब पाय बघा : नाक आणखी वर जाणार, तर शेपटी जमिनीला घासू नये म्हणून ते वाढवले.

इथलंच हँडली पेज एचपी ११५ हे चाचणी विमान अशाच पंखाच्या कमी वेगातल्या चाचण्यांसाठी. इंजिन पाठीवर, चाकं कायमची बाहेर. इतका अरुंद डेल्टा (त्रिकोणी पंख) हळू उडताना डावीकडे-उजवीकडे लोळेल, ही धास्ती होती. तो लोळायचा, पण वैमानिकाला सहज आवरता यायचा.

मूळ त्रिकोणी पंख पाहायचा असेल तर जुळं विमान डब्ल्यूजी ७७७ कॉसफर्डच्या हवाई दल संग्रहालयात आहे. दोन्ही एका दिवसात उरकायला जाऊ नका.