पन्नास पावलांच्या आत

आमच्या शेजारच्या काकांची परीक्षा कागदी ताटलीवर होते. वाढदिवसाला केक देतात तसली, नऊ इंची, साधी पांढरी. काका रायफल नव्हे, रिव्हॉल्व्हर घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. उन्हाळाभर दर शनिवारी सकाळी ते शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जातात, पुठ्ठ्यावर ताटली टाचतात आणि पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या झाडतात. पाचही आत बसल्या की थोडं मागे सरकायचं. पुन्हा पाच, पुन्हा मागे. एक जरी गोळी ताटलीबाहेर गेली की तिथे थांबायचं. त्या वर्षीचं त्यांचं अंतर तेवढंच. गेल्या वर्षी ते पन्नास यार्डांवर थांबलं. म्हणजे ऑक्टोबरात हरीण साठ यार्डांवर शांतपणे चरत असलं तरी त्यांनी हात उचलायचा नाही.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या राजधानीत, बॉयसीत, आम्ही नऊ वर्षं राहतो. इथे शिकार हा श्रीमंतांचा षौक नाही. शाळेतली शिक्षिका, प्लंबर, दातांचा डॉक्टर असे सगळे ऑक्टोबर जवळ आला की एकमेकांना 'टॅग मिळाला का?' असं विचारतात. टॅग म्हणजे एका जनावराचा परवाना. बहुतेकांकडे दुर्बीण लावलेली रायफल असते आणि दोनशे-तीनशे यार्डांवरून नेम धरणं त्यांना नेहमीचं असतं. काकांनीही तीस वर्षं तेच केलं. मग वडील वारले, त्यांचं रिव्हॉल्व्हर यांच्याकडे आलं आणि रायफल कपाटात गेली.

ते रिव्हॉल्व्हर म्हणजे रूगर कंपनीचं सुपर ब्लॅकहॉक, फॉर्टी-फोर मॅग्नम काडतुसाचं. साडेसात इंची नळी, वजन सव्वा किलोच्या वर. हे मॉडेल 1959 साली आलं आणि यांचं त्याच सुमाराचं आहे. मुठीचं लाकूड दोन पिढ्यांच्या तळव्यांनी काळं पडलंय. प्रत्येक गोळीला घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, अंगठ्याने मागे ओढावा लागतो. काडतुसांची घरं सहा, पण काका पाचच भरतात. 1973 च्या आधीच्या या मॉडेलमध्ये घोडा खाली असताना त्याचा दाब थेट काडतुसाच्या बुडावर येतो आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर बार उडू शकतो. म्हणून एक घर भरायचं, एक सोडायचं, पुढची चार भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर आणून ठेवायचा. ही बोटांची हालचाल मी इतक्यांदा पाहिली आहे की आता डोळे मिटूनही समोर येते.

फॉर्टी-फोर मॅग्नमचा इतिहास याच राज्यातला, याचा इथल्या लोकांना फार अभिमान आहे. बॉयसीपासून चारेकशे किलोमीटरवर सॅमन नावाचं गाव आहे. तिथे एल्मर कीथ राहायचा. गुरं राखणारा, शिकाऱ्यांना वाट दाखवणारा आणि बंदुकांवर मासिकांत लिहिणारा माणूस. जुन्या फॉर्टी-फोर स्पेशल काडतुसात त्याने वर्षानुवर्षं जास्त दारू भरून प्रयोग केले आणि 'असं जोरकस काडतूस कारखान्यात बनवा' म्हणून कंपन्यांच्या मागे लागला. अखेर रेमिंग्टनने काडतूस बनवलं, स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर बनवलं आणि 1955 संपता संपता फॉर्टी-फोर मॅग्नम आलं.

मोठ्या जनावरासमोर एकहाती शस्त्र नेणं त्याआधीही होतं, पण ते जीव वाचवायला. आपल्याकडे वाघाच्या शिकारीला हत्तीवरून जाणारे साहेब हौद्यात जाड नळ्यांचं पिस्तूल ठेवत, वाघाने हत्तीवर झेप घेतली तर शेवटचा उपाय म्हणून. त्याचं इंग्रजीतलं नावही आपल्या हौद्यावरूनच पडलं. मुद्दाम हेच शस्त्र घेऊन हरणामागे जाणं ही इथली, गेल्या साठ-सत्तर वर्षांत वाढलेली रीत.

पुढे आकडे फुगत गेले. आयडाहो-वायोमिंगच्या सीमेवरच्या फ्रीडम गावातून 1983 मध्ये फोर-फिफ्टी-फोर कॅसूल या आणखी जोरकस काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं. 2003 मध्ये स्मिथ अँड वेसनचं फाइव्ह हंड्रेड आलं, त्याचं लांब नळीचं मॉडेल दोन किलोंचं. काकांच्या एका मित्राकडे ते आहे आणि तो ते एल्कसाठी नेतो. एल्क म्हणजे सांबराच्या जातकुळीतला, पण त्याहून थोराड प्राणी, मोठा नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. मी ते रिव्हॉल्व्हर हातात धरून पाहिलं. मनगट लगेच खाली झुकलं. माझं मत विचाराल तर एवढ्या मोठ्या काडतुसाच्या मागे लागणाऱ्या बऱ्याच जणांचा सराव कमी पडतो. धक्का इतका की दहा बारांनंतर हात नको म्हणतो, आणि काडतुसंही महाग. वर्षाला वीस गोळ्या झाडणाऱ्या माणसापेक्षा दर शनिवारी वीस झाडणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

रायफल सोडून हे का, असं मी काकांना विचारलं होतं. त्यांनी टेबलावर दोन काडतुसं उभी केली. एक थर्टी-ऑट-सिक्स रायफलचं, लांब मानेचं. दुसरं फॉर्टी-फोरचं, बुटकं, जाड. दुसऱ्यातली गोळी साडेपंधरा ग्रॅमची, जवळजवळ अकरा मिलिमीटर रुंद, पण वेग रायफलच्या निम्मा आणि जोर सुमारे एक तृतीयांश. लांब गेली की झपाट्याने खाली पडते. त्यात खांद्याला टेकवायला दस्ता नाही. नेम धरायचं पुढचं टोक आणि मागची खाच यांच्यात जेमतेम वीतभर अंतर, त्यामुळे हात तिळभर हलला तरी नेम वीतभर चुकतो. 'म्हणून जवळ जावं लागतं,' ते म्हणाले. 'जवळ गेलं की हरीण आपल्याला ऐकतं, हुंगतं. बहुतेक वेळा तेच जिंकतं. मला तेच हवंय.'

यावर इथेही मतभेद आहेत. अनेक जुने रायफलवाले म्हणतात की हाताच्या शस्त्राने जनावर जखमी होऊन पळायची भीती जास्त, मग हा हट्ट कशाला? मला हा आक्षेप खरा वाटतो. सराव नसलेल्या माणसाने हे करूच नये, आणि काकाही हेच सांगतात. राज्याने काही भागांत जवळच्या पल्ल्याच्या शस्त्रांसाठी वेगळे हंगाम ठेवलेत. तिथे धनुष्यबाण, ठासणीची बंदूक आणि अशी रिव्हॉल्व्हर चालतात, रायफल नाही.

'ठासणीची बंदूक' या अर्थाचा इंग्रजी शब्द मी शिकारीच्या नियमांच्या पुस्तिकेत वाचला आणि थबकले. सावंतवाडीजवळच्या आमच्या आजोळी आजोबांकडे तीच होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. माझ्या लहानपणी ती माळ्यावर गुंडाळलेली असायची आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आजोबांनी शिकार बंद केली. त्याआधी भातात डुकरं उतरली की ते रात्रभर माचावर बसत. दारू ठासायची, गोळी ठासायची, आणि मग एकच बार. दुसरा भरेपर्यंत डुक्कर एकतर पसार, नाहीतर अंगावर. आई सांगते, त्यांचा नियम होता: सुळा दिसल्याशिवाय बार टाकायचा नाही.

मी शिकारीचं प्रशिक्षण घेतलं. 1975 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते केल्याशिवाय इथे परवाना मिळत नाही. परवाना मात्र घेतला नाही. मला मारायचं नव्हतं, बघायचं होतं.

ऑक्टोबरात आम्ही आयडाहो सिटीच्या पुढच्या डोंगरात गेलो. पहाटे पाच वाजता हातापायांची बोटं बधिर. पाँडेरोसा पाइनच्या खोडांवर ऊन आलं की व्हॅनिलासारखा वास सुटतो, तो इथल्या रानाचा मला सगळ्यात आवडणारा भाग. पहिल्या दिवशी एक म्यूल डिअर नर नव्वद यार्डांवर उभा. खेचरासारखे मोठे कान म्हणून हे नाव. काका पोटावर सरपटत निघाले. वीस मिनिटांत वीस-पंचवीस यार्ड गेले असतील. मग माझ्या मानेवर गार वारा लागला. वारा फिरला होता, आमच्याकडून त्याच्याकडे. त्याने मान वर केली आणि चारही खूर एकदम उचलत, टप्पे घेत चढ ओलांडून गेला. काकांच्या चेहऱ्यावर नाराजीची रेघ नव्हती. दुसऱ्या दिवशी काहीच दिसलं नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही ओढ्याच्या वर एका खोडाला पाठ टेकून बसलो होतो. दोघांच्या कानांवर मोठे आवाज अडवणारी यंत्रं, कारण या रिव्हॉल्व्हरचा एक बारही उघड्या कानाला कायमचा बाधतो. आठच्या सुमाराला सेजब्रशच्या झुडपांतून एक तरुण नर बाहेर आला. चाळीस यार्डांच्या आत. त्याच्या डाव्या कानाची कड फाटलेली होती, ती मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. नाकपुड्यांतून वाफ येत होती. काकांनी गुडघे वर घेतले, मनगटं त्यावर टेकवली आणि घोडा ओढला. जुन्या घोड्याची टक-टक मला अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशी वाटली.

बार झाला नाही. मी श्वास धरून बसलेली. काकांनी अंगठ्याने घोडा सावकाश परत खाली सोडला. तेव्हा मला दिसलं: नराच्या मागे, बरोबर त्याच रेषेत, एक मादी उभी होती. ही जाड गोळी आरपार जाते. एका टॅगवर दोन जनावरं पडली असती, किंवा दुसरं जखमी होऊन गेलं असतं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मादी चरत चरत उतारावर सरकली. नराने एक पाऊल पुढे टाकलं, कूस आमच्याकडे. पुन्हा टक-टक. मग बार.

आवाजापेक्षा मला आठवतो तो काकांच्या हातांचा झोका, नळी थेट आभाळाकडे गेली. नर साठेक पावलं धावला आणि झुडपांत दिसेनासा झाला. काका उठले नाहीत. घड्याळ लावून वीस मिनिटं तिथेच बसले, कारण लगेच मागे लागलं तर पडलेलं जनावरही उठून धावतं. मग आम्ही रक्ताचे थेंब शोधत गेलो. सेजब्रशच्या राखाडी पानांवर ते लाल थेंब स्पष्ट दिसत होते. नर आडवा पडला होता, गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेलेली. काकांनी हातमोजा काढला, त्याच्या मानेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसेच गुडघ्यावर बसून राहिले. मी काही बोलले नाही. मग त्यांनी खिशातून टॅग काढला, सुरीने त्यावरची तारीख-महिना कापला आणि बांधला.

पुढचे दोन तास कामाचे. पोट उघडणं, चारही पाय आणि पाठीचं मांस वेगळं करून कापडी पिशव्यांत भरणं, मग रस्त्यापर्यंत तीन खेपा. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. माझ्या पाठीवर पुढचा एक पाय होता, अजून कोमट.

येताना काकांनी अजून एक सांगितलं. इथे बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर बसतो, रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर दहा टक्के, रायफल आणि काडतुसांवर अकरा. 1937 च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. त्यांच्या दर शनिवारच्या वीस गोळ्यांतूनही.

संध्याकाळी काकूंनी पांढऱ्या कागदात मांसाच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर महिना लिहिला. स्वतःच्या फ्रीजरमध्ये एकही ठेवण्याआधी दोन पुड्या आमच्या हातात दिल्या. आमच्या आजोळीही डुकराचे वाटे करताना आधी दुसऱ्यांच्या घरचे बाजूला निघत, असं आजी सांगायची. या मांसात चरबी नसते, नुसतं भाजलं तर चामट होतं. मी भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटप लावून, घरून आणलेला मालवणी मसाला घालून दीड तास मंद शिजवलं. काका-काकूंनी पावाबरोबर खाल्लं आणि रस्सा परत मागून घेतला.

रविवारी आईचा फोन आला. मला धाकधूक होती, ती गेली कित्येक वर्षं मांस खात नाही. सगळं ऐकून घेतलं तिने.

'किती जवळून मारलं?' तिने विचारलं.

'त्याचा फाटका कान दिसत होता, आई.'

'मग ठीक,' ती म्हणाली, आणि वाटपात खसखस घातलीस का, ते विचारायला लागली.