पाठीवरचे अननस

काल मावसबहिणीच्या लग्नात घातला एकदाचा. मार्चमध्ये सुरू केलेला क्रोशाचा ब्लाऊज मे संपायच्या आत अंगावर आला हेच खूप झालं. मध्ये एकदा पूर्ण उसवला, एकदा अर्धा उसवला, एकदा सुई सोफ्याच्या फटीत गेली ती ३ दिवस सापडली नाही, आणि आईने रोज न चुकता विचारलं, "कुठवर आलं गं?" आज सुट्टी आहे, बाहेर ४४, कूलरच्या ताट्या आत्ताच ओल्या केल्यात, तर लिहूनच ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी परत ह्याच चुका करेन.

डोक्यात होतं ते एवढंच की सुती साडीवर एक मोतिया रंगाचा जाळीचा ब्लाऊज, समोरून साधा आणि पाठीवर अननस. अननस म्हणजे क्रोशातला आपला तोच जुना नमुना, टीपॉयच्या रुमालावर असतो तो. आमच्याकडे लहानपणी टीव्हीवर अननस, फ्रिजवर अननस, ताकाच्या भांड्यावरच्या झाकणातही अननस (त्याला कडेने मणी, वाऱ्याने उडू नये म्हणून), आणि मला तेव्हा ते बघवायचे नाहीत. आता तेच पाठीवर हवेत, काय बोलणार.

दोरा आणायला नागपुरातल्या इतवारी बाजारात गेले तर दुकानदाराने आधी मीटरवर मिळणारी लेस काढली, "हीच लावा ना ताई, कशाला डोळे फोडता." ती मशीनची, लांबून क्रोशासारखी दिसते पण क्रोशा नाही, कारण क्रोशाचा टाका खरा हातानेच होतो, आकड्याने एकेक फंदा ओढावा लागतो. आंध्रात नरसापूरला बायका पिढ्यान् पिढ्या घरी बसून क्रोशाची लेस विणतात, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, असं सगळं मी त्याला मोठ्या उत्साहात ऐकवलं. तो म्हणाला, "बरं, मग दोरा कोणता देऊ?"

मर्सराइज्ड कॉटन घेतलं. कॉस्टिक सोड्यातून काढलेलं सूत, त्यामुळे धागा गोल, चकचकीत आणि गुळगुळीत, रंगही छान धरतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८५० मध्ये ह्याचं पेटंट घेतलं म्हणून हे नाव. त्याचे उपकार मला एप्रिलमध्ये कळले, कारण एवढं उसवून परत गुंडाळूनसुद्धा दोऱ्याला लव सुटली नाही.

उसवायची वेळ का आली तर माझ्या इंग्लिशमुळे. पॅटर्न, म्हणजे कुठे कोणता टाका घालायचा ते लिहिलेला कागद, ब्रिटिश होता आणि मी क्रोशा शिकले अमेरिकन व्हिडिओंवरून. टाक्यांची नावं तीच पण टाके वेगळे! ब्रिटिश लोक ज्याला ट्रेबल म्हणतात त्याला अमेरिकन डबल म्हणतात, आणि अमेरिकन ट्रेबल म्हणजे त्याहून उंच टाका, सुईवर २ वेढे घेऊन केलेला. मी पॅटर्नमध्ये ट्रेबल वाचलं की बिनधास्त २ वेढे घेत होते, हवा होता एकच. नमुन्याचा चौकोन विणून मापून बघायचा असतो, तो मी विणला नाही, कारण मी कधीच विणत नाही. मुंढ्याच्या २४ ओळी झाल्या आणि अंगाला लावून बघितलं तर ८ इंचांऐवजी १२ इंच, म्हणजे मुंढा जवळजवळ कमरेला टेकलेला. आरशात बघून आधी हसले आणि मग खरंच रडू आलं हो, १७ दिवसांचं काम होतं ते.

आई पाणी घेऊन आली, तिने चष्मा लावून विण जवळून बघितली आणि म्हणाली, "अगं हे लांब खांब कशाला घातलेस? इथे नुसते खांब हवेत." तिला पॅटर्न वाचता येत नाही, फोटो बघून सांगितलं तिने! तिच्याकडे सगळं सोपं आहे. साखळी, मुका खांब, खांब, लांब खांब. वेढा नाही तो मुका, एक वेढा तो खांब. लंडन नाही, न्यूयॉर्क नाही. मुका खांब हे नाव मला तर फारच आवडतं, ठेंगणा, गप्प, काठाकाठाने बसलेला. मग मी अख्खा पॅटर्न वहीत मराठीत उतरवून काढला, त्यात एक संध्याकाळ गेली, पण त्यानंतर टाका चुकला नाही. (एक चुकला. सांगते पुढे.)

अननस विणण्यात मात्र खरी मजा आहे. आधी एकाच घरात ९ खांब, पंख्यासारखे. पुढच्या ओळीत प्रत्येक खांबावर मुका खांब आणि मधे ३ साखळ्यांची कमान, म्हणजे ८ कमानी. त्याच्या पुढच्या ओळीत कमानीच्या पोटात मुका खांब, परत ३ साखळ्या, आता ७ कमानी. असं करत दर ओळीला एक कमान कमी, शेवटी वर एकच उरते आणि अननसाला शेंडा येतो. हे चालू असताना कोणी बोलायला आलं की मी हात वर करायचे, थांबा, मोजतेय. तरी दुपारी घामाने सुई चिकटायची, बोटाला रुमाल गुंडाळून विणलं. तिसऱ्या अननसात पाचव्या ओळीत एक कमान जास्तच कमी झाली, ते कळलं ते ४ ओळी पुढे गेल्यावर, तेव्हा लोडशेडिंग होतं, मी दमले होते, आणि म्हटलं जाऊ दे, पाठीवर कोण मोजतंय.

मग अस्तराचं. आई म्हणाली, "जाळी कशासाठी, तर वारा लागावा म्हणून. त्याला खालून अस्तर लावलंस तर मग जाळी कशाला?" बरोबर होतं, पण बिनअस्तराचा घालून मामांसमोर जाणार कशी मी? २ दिवस ह्यावर घरात चर्चा झाली, बाबांनीसुद्धा मत दिलं, जे कोणी विचारलं नव्हतं. शेवटी समोर आणि बाहीच्या वरच्या भागात मलमल लावलं, पाठ मोकळी सोडली.

दुसरा घोळ धुताना. विणून झाल्यावर कोमट पाण्यात बुडवला, पिळला नाही, इथवर शहाणपणा, आणि मग सवयीने नेऊन तारेवर टाकला! ओल्या सुताचं वजन, त्यात जाळी, लोकरीसारखं परत आखडणं सुताच्या स्वभावातच नाही. तासाभराने बघते तर ब्लाऊज २ इंच लांब झालेला आणि खांदे ओघळलेले. असा ब्लाऊज टॉवेलवर आडवा पसरून, कडांना टाचण्या लावून वाळवायचा असतो, हे मला माहीत होतं, इतर लोकांना मी ते सांगितलंही आहे. खालचा घेर उसवून ५ ओळी कमी केल्या, आणि खांद्याच्या शिवणीवर आतून घट्ट स्लिप स्टिचची (सगळ्यात बुटका टाका) एक ओळ मारली, तिने खांदा धरून ठेवला. गळ्याला आईने स्वतः मुक्या खांबांची एक फेरी घातली. तिचा हात माझ्याहून घट्ट आहे, नीट बघितलं तर कळतं तेवढी फेरी दुसऱ्या कोणाची तरी आहे ते.

काल वरात सकाळी साडेदहाला निघाली ती कार्यालयात पोचायला १२ वाजले, बँडवाले थकत नव्हते आणि नवरदेवाचे मित्र तर अजिबातच नाही. ऊन नुसतं मागून. पण खरं सांगते, पाठीला वारा लागत होता, बाकी बायका जरीच्या ब्लाऊजमध्ये घामाने ओल्या आणि मी त्यातल्या त्यात बरी होते. ३ जणींनी विचारलं कुठून घेतला, एका मामीने विचारलं, "आतून काही घातलंय ना?"

रात्री घरी येऊन अंघोळ केली तर पाठ चुरचुरत होती. आईला म्हटलं जरा कोरफड लाव. तिने दिवा लावला आणि हसायलाच लागली, खाली बसून हसली. उन्हाने जाळीतून पाठ भाजली होती, जिथे भोक तिथे काळं आणि जिथे दोरा तिथे गोरं, अख्खे अननस उमटलेले, शेंड्यासकट. मोबाईलवर फोटो काढून दाखवला तिने. मग गार गर फासता फासता तिचं बोट मधेच थांबलं, थोडं मागे गेलं, परत पुढे आलं.

"ह्या तिसऱ्यात," ती म्हणाली, "पाचव्या ओळीत एक कमान कमी आहे गं."