डॅम्पिंग बंद केलं आणि फट थांबली

मंडळी, जमलं! बीबीसी मायक्रोवरच्या 'एलिट' या अंतराळ-व्यापाराच्या खेळात डिसो ग्रहाच्या स्टेशनात सलग नऊ वेळा हाताने डॉकिंग केलं, म्हणजे फिरत्या स्टेशनाच्या अरुंद फटीतून जहाज आत नेलं, एकदाही घासलो नाही. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की आता १५०० क्रेडिट साठवून आपोआप डॉकिंग करणारा डॉकिंग कॉम्प्युटर घेऊन टाकतो. तो बेत रद्द.

त्याआधीचा आठवडा फार वाईट गेला. लीस्टी ग्रहाहून कॉम्प्युटर भरायचे, डिसोला विकायचे, परतताना अन्नधान्य, ही आपली नेहमीची फेरी. मंगळवारी वीसच्या वीस टन कॉम्प्युटर भरून निघालो. वाटेत दोन चाचे आले, पल्स लेझरवर दोघांनाही लोळवलं, ढाली जेमतेम उरल्या. डॅशबोर्डवर स्टेशन जवळ आल्याची 'एस' ही खूण उमटली तेव्हा वाटलं सुटलो. आणि फटीच्या कडेवर आपटून माझं जहाज, कोब्रा, फुटलं. शेवटचा सेव्ह तीन फेऱ्यांपूर्वीचा. सगळी पुंजी गेली, ते दोन चाचेही हिशेबातून गेले. त्या रात्री परत सुरू करवलं नाही.

बुधवारी त्याहून चीड आणणारा प्रकार झाला. नाक खाली घेण्याची की 'एस', लेझरची 'ए', दोन्ही शेजारी. बोट घसरलं, एक फैर स्टेशनवर बसली आणि लगेच आतून पोलिसांची व्हायपर जहाजं बाहेर पडली. स्टेशन एकदा वैरी झालं की फटीत कितीही अचूक शिरा, आत घेत नाही.

जॉयस्टिकही करून पाहिली. ऑनलाइन मागवलेली ती यूएसबी जॉयस्टिक मध्यावर स्थिर राहतच नव्हती. या कामाला कीबोर्डच बरा, आणि तोही आवाज करणारा मेकॅनिकल, म्हणजे की किती वेळा दाबली ते कानाला कळतं.

मग गुरुवारी ठरवलं की व्यापार बंद, फक्त सराव. लेव्हहून रिकाम्या जहाजाने निघायचं आणि लगेच मागे फिरून आत शिरायचं. फट नेहमी ग्रहाच्या बाजूला असते, त्यामुळे बाहेर पडताना ग्रह समोर आणि स्टेशन बरोबर पाठीशी असतं. एफ१ दाबून मागचं दृश्य लावायचं, स्टेशन पुरेसं लहान होईपर्यंत सरळ जायचं, मग फक्त पिचने (नाक वर-खाली करून) नाक पूर्ण उलटं फिरवायचं. इथवर कधीच अडचण नव्हती. अडचण शेवटच्या टप्प्याची. फिरणाऱ्या फटीबरोबर फिरायला रोलची (जहाज कुशीवर फिरवण्याची) की दाबून धरावी लागते, सोडली की डॅम्पिंगमुळे, म्हणजे फिरणं आपोआप शमवणाऱ्या सोयीमुळे, रोलचा वेग दाखवणाऱ्या आरएल पट्टीवरची खूण आपोआप मध्यावर येते. मी दाबत-सोडत होतो, फट पुढे-मागे डुलत होती, आणि आत शिरायच्या नेमक्या क्षणी ती तिरकी झालेली असायची.

उपाय पहिल्यापासून खेळातच होता. कॉपी कीने खेळ थांबवायचा, कॅप्स लॉक दाबायचं, डिलीटने पुन्हा सुरू करायचा. डॅम्पिंग बंद! (एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कॉपी कुठल्या कीवर बसवली आहे ते की-मॅपिंगमध्ये पाहा.) आता रोलची खूण जिथे नेऊन ठेवाल तिथेच राहते. मध्यापासून टोकापर्यंतच्या साधारण अर्ध्यावर ती आणली आणि समोरची फट थांबली. खरंच थांबली. मागचे तारे गरगरताहेत आणि ती आडवी चौकट मध्यभागी शांत उभी आहे. असं दृश्य या खेळात मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि १९८४ साली ३२ केच्या यंत्रात हे बसवणाऱ्या बेल आणि ब्रेबेन यांच्याबद्दल पुन्हा एकदा ऊर भरून आला. त्याच सुमारास शाळांत संगणक पोहोचवणाऱ्या सरकारी क्लास प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत हीच बीबीसी मायक्रो आली होती. त्यातल्या किती मुलांच्या वाट्याला हे दृश्य आलं असेल, असा विचार मनात येतो.

क्रम मात्र चुकवू नका. स्टेशन क्रॉसहेअरच्या मधोमध आल्याशिवाय रोल सुरू करायचा नाही, नाहीतर ते पडद्यावर वर्तुळात फिरू लागतं आणि पिचने सावरता सावरत नाही. रोल उलट दिशेला गेला तर फट दुप्पट वेगाने फिरताना दिसते, तेव्हा लगेच कळतं. फट आडवी असतानाच वेग जुळवायचा. किंचित तिरकी राहिली तरी चालतं, काटेकोर आडवी लागत नाही. सुरुवातीला वेग अगदी किमान ठेवा, म्हणजे चुकलात तरी ढाल खरचटण्यावर निभावतं.

लढाईत डॅम्पिंग परत चालू करायचं असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं की ऑटो-रिसेंटर चालू असेल तर उलट की नुसती टेकवली की खूण झटकन मध्यावर येते. म्हणजे रोल थांबवायला डॅम्पिंग हवंच कशाला? लिहिणं अर्धवट सोडून झाओन्सपर्यंत जाऊन आलो. एक सायडवाइंडर (छोटं शत्रूजहाज) पाडला, आणि मला तर नेम जास्त स्थिर वाटला. आता डॅम्पिंग कायमचं बंद.

वाचलेल्या १५०० मधले १००० बीम लेझरला आणि ४०० मोठ्या कार्गो बेला. वीसचे पस्तीस टन होतील. आधी फ्युएल स्कूप (सूर्याजवळून इंधन गोळा करणारं यंत्र) घेणार होतो, पण ५२५ क्रेडिट त्यावर घातले तर बीम लेझर लांबतो, आणि रीडक्वाट ग्रहाच्या अराजकात पल्स लेझरवर उतरायची माझी तयारी नाही. सर्वोच्च 'एलिट' दर्जासाठी पाडायची ६४०० जहाजं अजून फार दूर आहेत. शनिवारी रात्री पस्तीस टन भरून लीस्टीहून निघतोय, आणि या वेळी दर डॉकिंगनंतर सेव्ह.