तारेचे ब्रश, मोठे स्ट्रीमर आणि चोणक: जून ते सप्टेंबर

मे संपता संपता डब्यात चोणकासाठी (बारामुंडी) बांधलेले अकरा मोठे स्ट्रीमर होते, म्हणजे फ्लाय फिशिंगचे, छोट्या माशासारखे दिसणारे केसापिसांचे फ्लाय. सगळे पंधरा-सोळा सेंटिमीटरचे, सगळे माझ्याच हातचे, आणि त्यांतला एकही मला सलग वीस मिनिटं फेकता येत नव्हता. ९ वेटचा, म्हणजे मोठे फ्लाय फेकायचा, रॉड काही लेचापेचा नाही. पण भिजल्यावर तो फ्लाय म्हणजे ओला पायमोजाच. मागे जाताना लाइन खाली ओढायचा, पुढे येताना टोपीला लागायचा. शेवटच्या खेपेला ४/० ची गरी कानाला चाटून गेली. घरी येऊन अकराच्या अकरा ब्लेडने कापले आणि गऱ्या काढून ठेवल्या. म्हटलं, आता चार महिने फक्त ब्रश शिकायचे.

ज्यांनी अजून हात घातला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन बारीक तारांच्या मध्ये तंतू आडवे पसरायचे आणि तारांना पीळ द्यायचा. पीळ बसला की तंतू चारी बाजूंना उभे राहतात, बाटली धुवायच्या ब्रशासारखे. हा ब्रश गरीच्या दांड्यावर गुंडाळत पुढे यायचं आणि प्रत्येक वेढ्याला तंतू मागे सारायचे. केसांचे झुपके एकेक करून बांधण्यापेक्षा काम लवकर होतं आणि माशाचं अंग चहूबाजूंनी सारखं भरतं. तयार ब्रश विकत मिळतात, चांगलेही असतात. पण दोन फ्लायमध्ये एक संपतो, आणि मला हवा तो शेवट्याचा (मलेट मासा) राखाडी-हिरवट रंग त्यात कधी मिळाला नाही.

जून

फणसाची एक फळी पडून होती. तिच्या एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला कॉर्डलेस ड्रिल क्लॅम्पने बसवलं. पीळ बसताना तार आखूड होत जाते, हे मला पहिली तार तुटल्यावर कळलं. म्हणून आकड्याला आता स्प्रिंग लावली आहे, ती तेवढी ढील देते. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर ठेवायचं आणि बटण हळूच दाबायचं. मी पहिल्यांदा पूर्ण दाबलं. तार मध्यावर तुटून चाबकासारखी उडाली, तंतू पंख्याच्या वाऱ्यावर स्वयंपाकघरापर्यंत गेले. रात्री आईला वरणात पांढरा केस सापडला. तेव्हापासून ही फळी मागच्या पडवीत असते आणि मी चष्मा लावल्याशिवाय ड्रिलला हात लावत नाही.

तारेचा शोध फुलवाल्यापासून सुरू झाला. हारतुऱ्यांना लावतात ती हिरवी बारीक तार. पीळ सुंदर बसला. फ्लाय एकदा खाऱ्या पाण्यात बुडवून खिडकीत वाळत टाकला, तर आठवड्यात पांढऱ्या तंतूंवर गंजाचे नारिंगी डाग. ती तार तिथेच संपली.

मग शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेलो असताना मोटार वाइंडिंगच्या एका दुकानात शिरलो. ३४ नंबरची तांब्याची तार मागितली. ही साधारण ०.२३ मिलिमीटरची असते, वर वार्निशचा थर. दुकानदाराने विचारलं, "कितीचा पंप?" माशांसाठी पाहिजे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि वजन करून दिली. तांबं गंजत नाही, हिरवट पडतं, ते चालतं. मऊ असल्यामुळे गरीवर छान बसतं. पण पीळ जरा जास्त झाला की न सांगता तुटतं. ३६ नंबर आणखी बारीक, तिच्यावर मी तीन ब्रश वाया घालवले आणि सोडून दिली. ०.२ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची तार शेवटी ऑनलाइन मागवली. ती चिवट आहे, पीळ भरपूर सोसते, पण स्प्रिंगसारखी उसळते. दोऱ्याचे चार वेढे सुटले की सगळं उलगडून बसतं. सध्या डोक्याच्या घट्ट ब्रशला स्टील आणि मागच्या विरळ ब्रशला तांबं, असं चाललं आहे.

तारेमुळे फ्लाय जड होतो असं मीही समजत होतो. हिशेब करून बघा. ३० सेंटिमीटरच्या ब्रशला दोन पदर म्हणजे ६० सेंटिमीटर तार. ०.२ ची स्टीलची असेल तर जेमतेम ०.१५ ग्रॅम, ३४ नंबर तांब्याची असेल तर पाव ग्रॅमच्या आत. मग वजन येतं कुठून?

जुलै

१ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी ट्रॉलरना असते, मला नाही. पण नदी चहासारखी लाल झाली होती आणि आमच्या गोव्यातल्या शापोरा नदीच्या दोन्ही काठांना तिळारीकडची झाडं-फांद्या वाहत होत्या. तेव्हा गरवणं नाही, काटा. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा माझ्याकडे आहे. एकेक फ्लाय कोरडा तोलला, पाण्याच्या बादलीत मिनिटभर दाबून धरला, तीनदा झटकला आणि परत तोलला.

खेळण्यांच्या फरचा जाड ब्रश: कोरडा ४.१ ग्रॅम, ओला १०.६. हाच तो पायमोजा. फरचे तंतू बारीक आणि दाट असतात, त्यांच्या मधल्या फटींत पाणी अडकून बसतं. तंतू स्वतः पाणी पितो की नाही याला फारसा अर्थ नाही, फटी किती आहेत ते महत्त्वाचं.

विगचे केस: ओला ६.८. पण हे केस एकमेकांना चिकटून एक दांडा होतो आणि तो पाण्यात वळत नाही.

जाळ्यांच्या दुकानातली पॉलीप्रॉपिलीनची दोरी उकलून: ओला ५.९. सगळ्यात हलका, पाणी लगेच सोडतो. मात्र हे तंतू पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे फ्लाय तरंगायला बघतो, आणि राठही असतात.

मग मिश्रण केलं. दोन भाग विगचे केस, एक भाग दोरी, आणि पाव भाग फर, तोही हाताने विंचरून खालची लोकर काढून टाकल्यावर. विंचरायला उवांची फणी. परदेशी कंगवे बघितले, पण मेडिकलमधल्या आपल्या स्टीलच्या फणीसारखं काही नाही. चकाकीसाठी मागच्या दिवाळीच्या नरकासुराचा उरलेला चंदेरी कागद कात्रीने बारीक पट्ट्या करून घातला. भिजल्यावर त्याचा रंग सुटतो, त्यामुळे तो नाद सोडून तयार फ्लॅश, म्हणजे चकाकते तंतू, वापरायला लागलो. नरकासुर तसाही एका रात्रीपुरताच असतो.

खरी गोष्ट पुढे आहे. एका ब्रशला मी सुरुवातीला जवळजवळ २ ग्रॅम तंतू घालत होतो. ते कमी करत करत ०.६ वर आलो. आता माझी कसोटी अशी: तयार ब्रश वर्तमानपत्राच्या मथळ्यावर धरायचा. मथळा वाचता आला तर ठीक, नाही आला तर ब्रश फणीखाली. पहिल्यांदा फार दरिद्री दिसतो, हात आपोआप आणखी तंतूंकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. बादलीत सोडून वरून बघा, सहा दशांश ग्रॅमचा ब्रश पाण्यात फुगून दोन ग्रॅमच्या इतकाच रुंद दिसतो. कारण प्रत्येक तंतूला हलायला जागा आहे.

ऑगस्ट, चवथीआधी

फ्लायची रचना आता एकदम बदलली. आधी मी शेपटीपासून डोक्यापर्यंत एकसारखा जाड फ्लाय करत होतो. आता शेपूट चार-पाच कोंबड्याची पिसं, मध्ये विरळ तांब्याचा ब्रश, आणि फक्त शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये आखूड, दाट स्टीलचा ब्रश, तो कात्रीने शेवट्याच्या चपट्या डोक्यासारखा कापलेला. हे डोकं पाणी ढकलतं आणि मागचं सगळं त्या ढवळलेल्या पाण्यात आपोआप नाचतं. पिसं आमच्याच कोंबड्याची. तो सध्या माझ्यावर चिडून आहे.

बांधताना जिथे माझी चूक होत होती ती जागा सांगतो. ब्रशच्या टोकाचा एक सेंटिमीटर तंतू कापून तार उघडी करायची आणि ती दोऱ्याखाली दाबायची. पहिला वेढा घ्यायचा, बोटं ओली करून सगळे तंतू मागे घट्ट ओढून धरायचे, मग दुसरा वेढा पहिल्याच्या अगदी पुढे, वर नाही. प्रत्येक वेढ्यानंतर सुईने खाली दबलेले तंतू उकरून काढायचे. घाईत मी ते शेवटी एकदम करायला जायचो आणि तोवर अर्धे तंतू तारेखाली कायमचे गेलेले असायचे. तार तोडायला वेगळी पक्कड ठेवा. मी दोऱ्याच्या चांगल्या कात्रीने तोडली, आता तिला चंद्रकोरीसारखी खाच आहे.

१५ ऑगस्टला सुट्टी होती आणि पाऊस थांबला होता. कामुर्लीच्या बाजूला एका बांधावर गेलो. फेक जमली! पंधरा सेंटिमीटरचा फ्लाय अठरा-वीस मीटर, तोही पहिल्या तासभर हात न दुखता. पण दर तिसऱ्या फेकीला पिसं गरीच्या वाकाला गुंडाळून यायची आणि फ्लाय वाकडा पोहायचा. अमेरिकेतले नावाजलेले फ्लायवाले लेफ्टी क्रे यांच्या डिसीव्हर या फ्लायमध्ये पिसं दांड्याच्या अगदी मागच्या टोकाला बांधतात ती याचसाठी. मी मध्यावर बांधली होती. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९१ मध्ये ज्या फ्लायचं तिकीट काढलं, तो नीट न बघता मी स्वतःला शहाणा समजत होतो. आता पिसांच्या बुडाशी पॉलीप्रॉपिलीनचा एक राठ, आखूड झुपका घालतो. तो पिसांना वाकापासून दूर धरतो.

सप्टेंबर, भांगाचं पाणी

कुठली मानस ते विचारू नका. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधातला तो लाकडी दरवाजा तुम्हांला माहीतच असेल. भरतीला नदीच्या पाण्याने आपोआप बंद होतो, ओहोटीला शेताकडच्या पाण्याने उघडतो. ओहोटीच्या पहिल्या धारेबरोबर आतली कोळंबी आणि शेवट्याची पिल्लं बाहेर येतात, आणि चोणक बाहेर तोंड लावून बसलेला असतो. पाठलाग करणारा मासा नाही तो. एका जागी थांबतो, समोर आलं की तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्याचा फटाक असा आवाज रात्री बांधावर लांबवर ऐकू येतो.

गोची एवढीच, की उधाणाच्या दिवसांत मानशीचा लिलाव घेतलेल्याचं जाळं तोंडावर असतं. अमावास्या-पौर्णिमेचं सगळ्यात जोरदार पाणी त्यांचं, आणि तो त्यांचा हक्क आहे. माझ्या वाट्याला भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीच्या आसपासचं मेलेलं. लिलाववाल्या काकांना विचारूनच उभा राहिलो. त्यांनी बॅटरी मारून माझ्या हातातला फ्लाय बघितला.

"हें कितें रे, माजर?"

"शेवटा आहे, काका."

"शेवट्याक केंस केन्ना आयले?" म्हणून ते बिडी पेटवायला गेले.

पाण्याला जोर नव्हता. त्यामुळे फ्लाय धारेने नव्हे, मीच जिवंत ठेवायचा होता. एक लांब ओढ, मग थांबा. इथे विरळ ब्रश कामाला आला. ओढ थांबली की डोकं अडतं, मागचे तंतू पुढे झेपावतात आणि परत मिटतात. दाट फ्लाय असा श्वास घेत नाही. साडेसातच्या सुमाराला, तिसऱ्या थांब्यावर, लाइन जागच्या जागी जड झाली. ओढ नाही, धक्का नाही, जणू कुणी गोणपाट अडकवलं. मग तो उडाला.

दोन किलोच्या आतला असेल. सोडला. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे हा पोरगा अजून बरंच काही होणार होता. फ्लायला बांधलेल्या ४० पौंडी फ्लोरोकार्बन दोरीच्या शेवटच्या वीतभर तुकड्यावर कल्ल्याच्या धारेने दोन खोल चरे पडले होते. चोणकाला दात असे नाहीत, खरखरीत कानशीसारखं तोंड असतं. कापतो तो कल्ल्याने. ६० पौंडी लावायला हवं होतं.

फ्लायचं डोकं मात्र सुटलं. स्टीलच्या ब्रशचं पुढचं टोक मी नुसतं दोऱ्याखाली दाबून तोडलं होतं, तिथून तार निसटली आणि बाहेर आली. फ्लाय सोडवताना ती माझ्या अंगठ्यात शिरली. काकांनी बिडीच्या उजेडात अंगठा बघून सांगितलं, "माजर चाबलें मरे."

तेव्हापासून टोक दोऱ्याखाली गेल्यावर तार तीन-चार मिलिमीटर उलटी दुमडतो, तिच्यावर परत दहा वेढे, मग थेंबभर यूव्ही रेझिन, म्हणजे यूव्ही उजेडात कडक होणारा डिंक. असे चार बांधून झाले, दुमडलेली तार पकडीने ओढून बघितली, एकही हलली नाही. पाचव्याला मधला ब्रश आणि डोकं बाकी आहे आणि तांब्याची तार संपली आहे. शुक्रवारी म्हापशाला जायचं आहे. दुकानदार परत पंपाचं विचारेल, या वेळी दीड हॉर्सपॉवर सांगून टाकणार आहे.